फील्ड ट्रिप म्हणजे नक्की काय? (रेन डान्स त्यात बसतो का?)

गुळांबा

लेकीच्या शाळेतून (सहावी, इंग्रजी माध्यम, आम्ही राहतो डोंबिवलीत) चिठ्ठी आली आहे. मथळा: 'एज्युकेशनल फील्ड ट्रिप'. ठिकाण कर्जतजवळचं एक रिसॉर्ट. कार्यक्रम: न्याहारी, रेन डान्स, जेवण, जादूचे प्रयोग, चहा-बिस्किटं आणि परत. सोबत काय आणायचं? टॉवेल, कपड्यांचा जादा जोड, पाण्यात उतरण्यासाठी नायलॉनचे कपडे सक्तीचे. वही-पेन्सिलीचा उल्लेख नाही.

मुलांनी भिजावं, नाचावं, माझं काही म्हणणं नाही. पण याला फील्ड ट्रिप म्हणायचं का? पालकांच्या व्हॉट्सॅप गटात यावरून जुंपली आहे. एक आई म्हणते, शाळेबाहेर नेलं की ती फील्ड ट्रिप, इंग्रजीत असंच म्हणतात. एक बाबा म्हणतात, बरोबर शब्द एक्स्कर्शन. तिसरे म्हणतात, सरळ पिकनिक म्हणा आणि पैसे भरा.

इथे सगळ्या प्रकारची मंडळी आहेत म्हणून विचारते. फील्ड ट्रिप, एक्स्कर्शन, स्टडी टूर, पिकनिक यांत खरंच फरक आहे का? की सगळ्याला मराठीत सहलच?

अर्धाचहा

सहावीला जलचक्र असतं ना? बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य आणि शेवटी डीजे. बसतो की अभ्यासक्रमात.

खडकवाचक

भूशास्त्रात हयात गेली, त्यामुळे जरा लांब लिहितो.

आमच्यात 'फील्ड' हा शब्द एकटाच येतो. 'फील्डला चाललोय', 'फील्ड कशी झाली', 'दुसऱ्या वर्षाची फील्ड कोकणात आहे'. त्याला ट्रिप म्हटलं की आमचे सर चिडायचे. हातात हातोडी, गळ्यात भिंग, कमरेला ब्रंटन कंपास, पाठीवरच्या पिशवीत विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली आणि नमुने गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे उभं राहायचं. एका लाव्हाच्या थरावर दुसरा थर, मध्ये गेरूसारखा लाल पट्टा. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात झीज होऊन तयार झालेली ती माती, वरच्या लाव्हानं भाजलेली. पुस्तकात 'रेड बोल' म्हणून एक ओळ असते. तो पट्टा नखानं खरवडून बोट लाल झालं की ती ओळ पुन्हा पाठ करावी लागत नाही.

निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. लोक देवीला जातात, फोटो काढतात, परत येतात. आम्हाला सरांनी खळग्यात उतरवून तळाचे गोटे बाहेर काढायला लावले होते. पाण्याच्या भोवऱ्यात गोटे फिरतात, खडक घासला जातो, खळगा खोल होतो आणि गोटाही गुळगुळीत होतो. मग प्रत्येकानं व्यास आणि खोली मोजून फील्ड डायरीत लिहायची. संध्याकाळी डायरी तपासली जायची. ज्याची कोरी, त्याला जेवण उशिरा.

माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. जी वस्तू शिकायची ती जिथे आहे तिथे जाऊन काहीतरी काम करणं म्हणजे फील्ड. नुसतं बघून येणं म्हणजे सहल. भिजून येणं म्हणजे पिकनिक.

न्यूजर्सीची_काकू

खडकवाचक, तुमचं उत्तर छान आहे, पण ते तुमच्या खात्याचं. इकडे अमेरिकेत फील्ड ट्रिप म्हणजे शाळेच्या वेळात शाळेबाहेर नेलेली कुठलीही सहल. संग्रहालय, प्राणिसंग्रहालय, नाटक, अग्निशमन केंद्र, सगळं. आमच्या पिल्लाच्या बालवाडीची फील्ड ट्रिप ऑक्टोबरात भोपळ्याच्या शेतावर गेली. गवताच्या गाडीत बसायचं, एक छोटा भोपळा निवडायचा आणि पिवळ्या बसनं परत. बाकी काही नाही. आईबापांची 'परमिशन स्लिप' मात्र सही करून द्यायचीच, ती विसरली तर मूल शाळेतच बसतं. दोन-चार पालक 'शॅपरोन' म्हणून, म्हणजे मुलांवर लक्ष ठेवायला, सोबत जातात. मी गेले होते. भूशास्त्र काही दिसलं नाही, नाकं मात्र भरपूर पुसली.

त्यामुळे त्या व्हॉट्सॅपवरच्या आईचं म्हणणं अमेरिकन इंग्रजीपुरतं बरोबर आहे.

अर्धाचहा

तरी काकू, भोपळा शेतातच होता. शेत म्हणजे फील्ड. इकडे रिसॉर्टमध्ये कृत्रिम हिरवळ.

लीड्सकर

इकडे ब्रिटनमध्ये रोजच्या बोलण्यात 'स्कूल ट्रिप'. 'फील्ड ट्रिप' म्हटलं की भूगोल किंवा जीवशास्त्रच डोळ्यांसमोर येतं, म्हणजे खडकवाचकांच्या जवळचा अर्थ. सोळाव्या वर्षाच्या जीसीएसई परीक्षेत भूगोल घेतला तर निदान दोनदा तरी फील्डवर्क करावंच लागतं आणि त्यावर प्रश्नही येतात. लेकाचं नदीचं काम होतं. गमबूट घालून ओढ्यात उतरायचं, टेपनं रुंदी मोजायची, ठरावीक अंतरावर पट्टी बुडवून खोली घ्यायची आणि पाण्याचा वेग मोजायला चक्क संत्रं सोडायचं. संत्रं जवळजवळ बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्यानं भरकटत नाही आणि लांबून दिसतं. दहा मीटरला किती सेकंद लागले ते लिहायचं. त्या पोरानं घरी येऊन मला नदीवर व्याख्यान दिलं, संत्रं खात खात.

मेलबर्नचा_बंडू

ऑस्ट्रेलियात शाळेचा शब्द एक्स्कर्शन, म्हणजे तुमच्या त्या बाबांची बाजू आमच्याकडची. पण खरी गंमत पुढे आहे. मुलांना बाहेर नेण्याऐवजी बाहेरची माणसं शाळेत बोलावली, म्हणजे सापवाला, विज्ञानाचे खेळ करणारा, नाटकमंडळी, तर त्याला म्हणतात 'इन्कर्शन'. पहिल्यांदा शाळेची ईमेल आली तेव्हा मला वाटलं कोणी घुसखोरी केली की काय! पोलिसांना कळवलं का असं विचारणार होतो.

सिंगापूरला होतो तेव्हा तिथल्या शाळा 'लर्निंग जर्नी' म्हणायच्या. एवढं भारी नाव, गेले होते पाणी शुद्धीकरण केंद्रात. पण वस्तू एकदम अस्सल.

शब्दकिडा

थोडी भर.

एक, पिकनिक. इंग्रजीत पिकनिकचा जीव खाण्यात आहे. उघड्यावर बसून बरोबर आणलेलं खायचं, संपलं. घरामागच्या बागेत सतरंजी टाकून सँडविच खाल्लं तरी पिकनिक. आपण तिचं भारतात येऊन प्रवासात रूपांतर केलं. 'वन-डे पिकनिक', 'ऑफिसची पिकनिक महाबळेश्वरला'. 'वी वेंट टू पिकनिक' हे आपलं खास भारतीय वाक्य, तिकडे 'फॉर अ पिकनिक' किंवा 'ऑन अ पिकनिक' म्हणतात. फील्ड ट्रिपही 'ऑन'.

दोन, एक्स्कर्शन लॅटिनमधून आलं, मूळ अर्थ बाहेर धावत जाणं. बसमधून उतरल्यावर सहावीची मुलं जे करतात ते.

तीन, ट्रिप मराठीत इतकी मुरली आहे की तिचं अनेकवचनही आपलं. 'वाळूच्या चार ट्रिपा टाकल्या.' सहल मात्र 'काढावी' लागते. शाळा सहल काढते, पुढारी यात्रा काढतो, आपण कर्ज काढतो.

फेज_न्यूट्रल

आमच्याकडे ट्रिप झाली की अंधार पडतो. एमसीबी वर करा.

सुट्टीवरचे_मास्तर

गंमत चालू द्या, पण एक बाजू कोणीच मांडली नाही. सहल नेणाऱ्याची.

चिठ्ठीवर 'एज्युकेशनल' का लिहितात? हौस म्हणून नाही. एसटीच्या गाड्या आम्ही प्रासंगिक करारावर घेतो. शाळेच्या शैक्षणिक सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र, मुलांची यादी, वरून परवानगी, सगळीकडे 'शैक्षणिक' हा शब्द हवाच. खासगी बसनं जाणाऱ्या शाळांनाही परवानगीच्या अर्जात सहलीचा हेतू लिहावा लागतो. 'पोरांना मजा करू द्यायची आहे' हे खरं कारण असलं तरी त्या रकान्यात ते चालत नाही. मग रिसॉर्टही शैक्षणिक होतं.

दुसरं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची मुलं बुडाली. त्यानंतर सहलीचं नाव काढलं की शिक्षकांच्या पोटात गोळा येतो. समुद्र नको, धरण नको, किल्ल्याचा अवघड कडा नको, रात्रीचा प्रवास नको, मुली असतील तर शिक्षिका हवी, पालकांचं संमतीपत्र हवं, औषधपेटी हवी. नियम चुकीचे नाहीत. पण याचा परिणाम काय झाला ते बघा. ज्या जागी शिकण्यासारखं आहे ती जागा जोखमीची, आणि जिथे कुंपण, जीवरक्षक, स्वच्छतागृह आणि वेळेवर जेवण आहे ती जागा रिसॉर्ट. खडकवाचक, ५० पोरं घेऊन तुमच्या रांजणखळग्यात उतरायची माझी तरी छाती नाही.

आणि शब्दाचं म्हणाल तर बालभारतीनं तो कधीच दिला आहे: क्षेत्रभेट. दहावीच्या भूगोलाचा पहिलाच धडा. नळदुर्गहून निघून अलिबागला जाणारी क्षेत्रभेट आहे त्यात. वाटेत जमीन, पिकं, पाऊस, घरं कशी बदलतात ते मुलं बघतात, शिक्षकांना प्रश्न विचारतात. धडा छानच आहे. परीक्षेत येतं, 'कारखान्याच्या क्षेत्रभेटीसाठी प्रश्नावली तयार करा', 'क्षेत्रभेटीला जाताना कोणतं साहित्य न्याल?' पोरं टोपी, पाण्याची बाटली, कॅमेरा, नोंदवही असं धडाधड लिहितात. गावाबाहेरच्या गुऱ्हाळातसुद्धा कधी नेलेलं नसतं त्यांना. वर्गात बसून अलिबागला जाऊन येतात.

गुळांबा

मास्तर, सवलतीचं माहीत नव्हतं. 'क्षेत्रभेट' पुस्तकी वाटतो मात्र. लेक घरी येऊन 'आई, आमची क्षेत्रभेट निघाली' म्हणेल असं वाटत नाही.

कोरडवाहू

पुस्तकी शब्द काहून पाह्यजे? आमच्या इकडे शिवारफेरी हाय ना. अकोल्याले पंजाबराव कृषी विद्यापीठात दरवर्षी शिवारफेरी असते. शेतकरी एसट्या, ट्रॅक्स, जे भेटंल ते घेऊन येतात. कपाशीच्या, तुरीच्या, सोयाबीनच्या नव्या वाणाचे प्लॉट पाह्यतात. आमचा एक काका बोंड तोडून खिशात टाकते, घरी येऊन बायकोले दाखवते. शास्त्रज्ञाले बांधावर उभं करून असे प्रश्न विचारतात का त्याचा घाम निघते. आता सांगा, हे फील्ड ट्रिप नाही तर काय हाय? फील्डही हाय न् ट्रिपही हाय.

खडकवाचक

शिवारफेरी! टोपी उडवली. 'फेरी'त चालणं आलं, ते महत्त्वाचं.

अर्धाचहा

एक प्रकार राहिला. अभ्यासदौरा. तो फक्त लोकप्रतिनिधींचा असतो. घनकचऱ्याचा अभ्यास करायला परदेश, आणि परत आल्यावर वॉर्डातला कचरा तिथेच.

स्लाइडरूल

इंजिनिअरिंगवाले कुठे आहेत? आमच्याकडे 'आय.व्ही.', इंडस्ट्रियल व्हिजिट. आमच्या पिढीची खरी होती. पोफळीला कोयनेचं भूमिगत वीजगृह पाहिलं. डोंगराच्या पोटात बोगद्यातून आत जायचं. आत एवढी मोठी गुहा की टर्बाइनच्या मजल्यावर उभा माणूस वरून बोटाएवढा. पायाखालची फरशी सतत थरथरत असते आणि बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. हेड (पाणी पडण्याची उंची), पेनस्टॉक (पाणी खाली आणणारे नळ), सर्ज (दाबाचा उसळा) हे शब्द वर्षभर फळ्यावर होते. तिथे ते अंगाला जाणवले.

पुतण्याची आय.व्ही. आत्ता झाली. चंदीगडला एका कारखान्यात दोन तास, मग मनाली. अहवाल सीनियरचा, फक्त नाव बदलून.

डॉ_गोळीऔषध

आमच्याकडे आय.व्ही. म्हणजे सलाईन. मनालीहून परतल्यावर काहींना तेही लागतं.

चिंचेचा_पार

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं. आमच्याकडे आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क. वस्ती, दवाखाना, बालगृह, जिथे नेमणूक असेल तिथे. ट्रिप नाहीच, एकाच ठिकाणी वर्षभर.

इतिहासाचा एक तुकडाही सांगते. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश गृहस्थांच्या हाताखाली. मूळचा जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार. भारतातल्या कितीतरी शहरांचे अहवाल त्यांनी गल्लीबोळांतून पायी फिरून लिहिले. विहिरी, तळी, देवळं, चाळी आधी नीट बघा, मग पाडायचं काय ते ठरवा, असा खाक्या. आज हिंडत असते तर रस्तारुंदीवाल्यांनी त्यांना हाकललं असतं.

पण 'फील्ड' या शब्दाचं मला एक खटकतं. खडकाला काही वाटत नाही. माणसांच्या वस्तीला 'फील्ड' म्हटलं की आपण तिथे काय म्हणून जातो?

पाड्यावरचा

मी जव्हारकडचा. पाड्यावरच वाढलो, आता तिथेच शाळेवर शिक्षक आहे. चिंचेच्या पाराला मनापासून अनुमोदन.

थंडीत शहरातल्या कॉलेजांच्या बस येतात. 'फील्ड व्हिजिट टू ट्रायबल व्हिलेज' असा बॅनर बसला लावलेला. मुलं चांगली असतात, वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण आल्या आल्या आमच्या पोरांना रांगेत उभं करून बिस्किटं वाटतात आणि फोटो काढतात. भिंतीवरच्या वारली चित्रासमोर सेल्फी. म्हाताऱ्या आजीला 'तुमच्या समस्या काय?' असं विचारतात. आजी काय सांगणार? ती म्हणते, "बरं हाये." मुलं लिहून घेतात. तासाभरात धबधब्याकडे रवाना.

एकदा मात्र एक बाई पाच-सहा मुलींना घेऊन आल्या आणि तीन दिवस राहिल्या. पहिल्या दिवशी वहीच काढली नाही. नागली दळली, पाणी भरलं, रात्री तारपा ऐकला. जाताना आमच्या शाळेत येऊन पोरांना त्यांच्या शहराबद्दल सांगितलं, पोरांनी त्यांनाही प्रश्न विचारले. त्यांना मी पाहुणे म्हणतो.

बाकीच्यांचं काय, बंडूभाऊंनी शब्द दिलाच आहे. त्यांची एक्स्कर्शन ती आमची इन्कर्शन.

मेलबर्नचा_बंडू

__/\__ याच्यापुढे काही लिहायला राहिलं नाही.

कारकून_नं_२

राहिलं आहे. मी कॉलेजच्या ऑफिसात असतो. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला 'फील्ड प्रोजेक्ट' आलं, त्याला क्रेडिट आहेत. शाळांनाही सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना शिकायला सांगितलं आहे, गुळांबाताईंच्या लेकीचीच इयत्ता. धोरण चांगलंच आहे. पण नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेसाठी, पुरावा लागतो. जिओटॅग फोटो, हजेरीपट, अहवाल, आभारपत्र. परवा एक प्राध्यापक विचारत होते, "गेलो होतो खरं, पण फोटोत अक्षांश-रेखांश आले नाहीत, पुन्हा जाऊ का?"

तेव्हा माझी व्याख्या: ज्याची फाइल होते ती फील्ड ट्रिप.

शब्दकिडा

खिक्. गुळांबाताईंच्या मूळ प्रश्नाकडे वळतो, नाहीतर धागा भलतीकडेच भरकटेल. इंग्रजीचं म्हणाल तर अमेरिकन अर्थानं शाळेची चिठ्ठी चुकीची नाही. भांडायचंच तर 'फील्ड'शी नको, 'एज्युकेशनल'शी भांडा, आणि तेही का लिहिलं जातं ते मास्तरांनी सांगितलंच. मला स्वतःला 'क्षेत्रभेट'पेक्षा 'अभ्याससहल' बरा वाटतो. त्यात निदान सहल शिल्लक राहते.

खडकवाचक

एक सुचवू का? कर्जतला चालला आहात तर जवळच भिवपुरी आहे. टाटांचं जलविद्युत केंद्र तिथे १९२२ पासून आहे. खोपोलीचं १९१५ चं, भिऱ्याचं १९२७ चं, तिघांतलं हे मधलं. घाटमाथ्यावर ठोकरवाडीच्या धरणात अडवलेलं आंध्रा नदीचं पाणी नळांतून खाली सोडतात आणि त्यावर वीज होते. हे पाणी एरवी पूर्वेला भीमेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळालं असतं, ते इकडे वळून अरबी समुद्राला मिळतं. आत जायला परवानगी लागेल आणि शाळेला ती मिळेलच असं नाही. पण डोंगरउतारावरचे ते नळ आहेत हे बाईंनी बसमध्ये सांगितलं तरी पुष्कळ. येता-जाता माथेरानचा डोंगर दिसतोच. त्याचा सपाट माथा आणि उतारावरच्या पायऱ्या मुलांना वहीत काढायला सांगा. दहा मिनिटांचं काम. मग खुशाल नाचू देत.

गुळांबा

हे आवडलं. वर्गशिक्षिकेला फोन केला. त्या म्हणाल्या, "चित्र काढायला लावते, पण परतीच्या वाटेवर नको, सगळे झोपलेले असतात. जातानाच." भिवपुरीचं त्यांनाही माहीत होतं, माहेर नेरळचं निघालं!

सुट्टीवरचे_मास्तर

बघा. बाईंना विचारलं की होतं. गटात भांडण्यापेक्षा हे बरं.

स्लाइडरूल

अवांतर: मुलं थोडी मोठी असतील तर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण दाखवा. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला सर्वांना खुली असते. गर्दी प्रचंड, आसपासच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडून बसलेली असतात. फक्त मोबाइल बंद ठेवावा लागतो, त्याच्या लहरी दुर्बिणीच्या कामात अडथळा आणतात.

न्यूजर्सीची_काकू

मोबाइल बंद? मग जिओटॅग फोटो कसा काढायचा?

कारकून_नं_२

काकू, हळू बोला. आमचे प्राचार्य वाचतात इथे.